खेळ रंगतो तेव्हा...

रात्रीचे साडेआठ. स्वयंपाकघरातून हाक येते, "ताट वाढलंय, ये रे!" आतल्या खोलीतून उत्तर येते, "आलो, दोनच मिनिटं." दोनाची दहा होतात. दुसरी हाक जाते, तिसरी जाते. तिसऱ्या हाकेला तर उत्तरही नाही. मग आई हात पुसत खोलीच्या दारात येऊन उभी राहते. मुलगा पडद्यासमोर बसलेला आहे, पापणी लवत नाही, आणि आई दारात उभी आहे याचाही त्याला पत्ता नाही. "बहिरा झालास का?" हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. मला आज त्याच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे, पण जरा लांबच्या वाटेने, इतिहासातून. कारण तो मुलगा काही काळापुरता खरोखरच बहिरा झालेला असतो. त्याला असे बांधून ठेवणारी शक्ती कुणी घडवली, कधी आणि कशी?

व्हिडिओ गेमच्या जगात या अवस्थेला 'इमर्शन' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बुडणे, पाण्याखाली जाणे. आपल्या मराठीत त्यासाठी एक नाही, अनेक शब्द आहेत. कीर्तन रंगते, नाटक रंगते, पत्त्यांचा डाव रंगतो, आणि त्यात माणूसही रंगतो. पुढची पायरी म्हणजे भान हरपणे. आणि आणखी एक शब्द आहे, गुंतणे. हे तीन शब्द कृपया लक्षात ठेवा. शेवटी ते आपल्याला पुन्हा लागणार आहेत.

आता सर्वसाधारण समजूत अशी, की चित्र जितके खरे, तितका माणूस त्यात अधिक बुडतो. दुकानात नवा गेम दाखवतानाही विक्रेता हेच सांगतो, "बघा साहेब, गवताचं पान न् पान हलतंय." ही समजूत आजची नाही, तिला सव्वादोनशे वर्षे झाली. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ मध्ये एडिंबरा इथे राहत असताना एका कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना अशी, की प्रेक्षकाला मध्ये उभे करायचे आणि त्याच्या सभोवार, पूर्ण वर्तुळात, एकसलग चित्र लावायचे. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने खास या कामासाठी गोल इमारत उभी केली. प्रेक्षक अंधाऱ्या बोळातून आणि जिन्यावरून वर यायचा. तेवढ्यात बाहेरचा रस्ता, बाहेरचा उजेड तो विसरलेला असायचा. वर आल्यावर चित्राची वरची कड दिसत नसे, खालची कड दिसत नसे, आणि उजेड कुठून येतो तेही कळत नसे. चित्राला चौकटच नाही! पहिल्या चित्रांपैकी एकात समुद्रावरचे ब्रिटिश आरमार होते. ते पाहताना खुद्द राणीला बोट लागल्यासारखे झाले, असे सांगितले जाते. या प्रकाराला 'पॅनोरामा' हे नाव मिळाले आणि तो शब्द आज आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही आहे.

पुढे चित्रे हलू लागली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, म्हणजे काळा घोड्याजवळ आजही उभ्या असलेल्या त्या लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत, ल्युमिएर बंधूंचे सहा छोटे चित्रपट दाखवले गेले. त्यात स्टेशनात शिरणारी आगगाडीही होती. डोळ्यांना फसवण्याची कला आपल्याकडे अशी पोहोचली, चित्रपटाच्या जन्मानंतर वर्षभराच्या आत.

याच वाटेचे शेवटचे टोक म्हणजे अमेरिकेतील मॉर्टन हाइलिग या चलच्चित्रकाराचे 'सेन्सोरामा' हे यंत्र. याचे पेटंट त्याला १९६२ मध्ये मिळाले. एका खुर्चीवर बसायचे, डोके एका खोक्यात घालायचे. समोर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून मोटारसायकलवरून जातानाचे दृश्य, तेही खोली असलेले. खुर्ची थरथरते, तोंडावर वारा येतो, कानात रस्त्याचा आवाज, आणि नाकाला वाससुद्धा! पंचेंद्रियांपैकी चवीखेरीज सारे हाइलिगने काबीज केले होते. तरीही या यंत्राला भांडवलदार मिळाला नाही, आणि ते मागे पडले.

ते मागे पडले त्याला पैशाचे कारण होतेच. पण मला त्यात आणखी एक उणीव दिसते. त्या मोटारसायकलचे हँडल वळवले तरी गाडी वळत नव्हती. ती जायची तिकडेच जायची. माणूस सगळे पाहत होता, ऐकत होता, हुंगत होता, पण त्याच्या हाताला काही काम नव्हते.

आता योगायोग पाहा. त्याच १९६२ साली, अमेरिकेतच, एमआयटी या संस्थेत काही तरुण मंडळी एका नव्या संगणकाशी रात्री-अपरात्री झटापट करीत होती. पीडीपी-१ हे त्याचे नाव. आकार कपाटांच्या रांगेएवढा आणि स्मृती जेमतेम नऊ किलोबाइट. आज मोबाइलमध्ये काढलेल्या एका फोटोत याच्या कितीतरी पट माहिती मावते. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी या यंत्रावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ लिहिला. गोल काळा पडदा, त्यावर दोन इवलीशी याने, एक सुईसारखे आणि एक पाचरीसारखे. दोघांनी एकमेकांवर मारा करायचा. रंग नाही, आवाज नाही, वाऱ्याचा झोत तर नाहीच नाही.

पण बटण दाबले की यान वळत होते. आणि ते कसे वळत होते? अंतराळात वळावे तसे. एकदा वेग दिला की थांबत नाही, थांबवायचे तर उलटा जोर द्यावा लागतो. मध्ये एक तारा आहे, तो यानाला ओढून घेतो. हे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्स याने नंतर घातले. मागच्या आकाशात आधी कसेही ठिपके टाकलेले होते. पीटर सॅमसन या मित्राला ते खुपले. त्याने पंचांगवजा खगोलीय तक्ते काढून खऱ्या आकाशातले तारे, त्यांच्या कमी-अधिक तेजासह, पडद्यावर आणले. खेळताना त्या ताऱ्यांचा काही उपयोग नव्हता. पण खोट्या लढाईच्या मागे आकाश मात्र खरे असले पाहिजे, असे त्याला वाटले. मंडळी इतका वेळ खेळत, की संगणकाची बटणे दाबून कोपरे दुखू लागली, आणि शेवटी दोघा मित्रांनी हातात धरायच्या वेगळ्या पेट्या तयार केल्या. त्या पेट्या म्हणजे आजच्या प्रत्येक मुलाच्या हातातल्या कंट्रोलरचे पूर्वज होत.

एकाच सालच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडे वारा, वास, आवाज आणि थरथर. दुसरीकडे काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या आकृत्या. रंगला तो दुसरा खेळ. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. माणूस रंगतो तो जगाच्या दिसण्यात थोडा आणि जगाच्या उत्तर देण्यात फार. मी काही केले की समोरच्या जगाने 'ओ' दिली पाहिजे, आणि ती ओ प्रत्येक वेळी त्याच नियमाने दिली पाहिजे. भातुकलीत नाही का, बाहुलीचे लग्न लावताना तांदळाऐवजी खडे चालतात, पण अंतरपाट आधी धरायचा की नंतर यावर भांडण होते. खडे चालतात, नियम मोडलेला चालत नाही.

१९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. पंचावन्न परग्रहवासी रांगा करून खाली सरकत येतात, आणि आपण खालून त्यांना टिपायचे. यातली गंमत अशी, की त्या यंत्राला पंचावन्न आकृत्या एकदम हलवणे जड जात होते. जसजशा त्या कमी होत, तसतसा यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेल्या आकृत्या वेगाने धावू लागत. हा खरे तर यंत्राचा तोकडेपणा. पण निशिकादोंनी पाहिले, की त्यामुळेच खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्यांनी तो दोष तसाच ठेवला आणि जोडीला चार सुरांचा एक ठेका दिला. शत्रू जवळ येतो तसा ठेका वाढतो, छातीत धडधडावे तसा. आपल्याकडे तबलजी लय चढवत नेतो आणि श्रोते नकळत पुढे सरकून बसतात, तोच हा प्रकार. खेळातला आवाज ही नुसती सजावट नसते, तो खेळणाऱ्याच्या शरीराला आपल्या तालावर घेतो, हे इथे कळले.

पण या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या खेळात एकही चित्र नव्हते.

विल क्राउदर हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काम करणारे संगणकतज्ज्ञ. आजच्या इंटरनेटची आजी म्हणावी अशा 'अर्पानेट' या जाळ्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांचा दुसरा नाद गुहांचा. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. क्राउदर आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया दोघेही त्या भुयारांतून सरपटत हिंडायचे, आणि तिथली मापे क्राउदर संगणकावर घालून नकाशे बनवायचे. १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधून काढले, तिच्यात पॅट्रिशिया होत्या. पुढे हे जोडपे विभक्त झाले. दोन मुली आईकडे राहू लागल्या. क्राउदरांचे गुहांत जाणेही सुटले. मुली भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळता यावे, संगणकाची भीती वाटू नये, म्हणून १९७५-७६ च्या सुमारास या बापाने एक खेळ लिहिला. त्यात त्याने आपली गुहा ठेवली.

खेळ असा. पडद्यावर किंवा कागदावर मजकूर उमटतो. तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर विटांची छोटी इमारत आहे, ओढा वाहतो आहे. तुम्ही एक-दोन शब्दांत सांगायचे, कुठे जायचे, काय उचलायचे. गुहेत शिरताना कंदील घेतला नाही, तर पुढे मिट्ट काळोख. काळोखात चाललात तर खड्ड्यात पडाल. कुठे नाणी, कुठे कुऱ्हाड फेकणारा बुटका. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वूड्स यांनी क्राउदरांच्या संमतीने तो वाढवला आणि 'अॅडव्हेंचर' या नावाने तो संगणकाच्या जाळ्यावरून देशभर पसरला. कचेऱ्याच्या कचेऱ्या कामधाम सोडून भुयारात शिरल्या. त्या पायी संगणक-उद्योग दोन आठवडे मागे पडला, असा विनोद तेव्हा रूढ झाला.

चित्र नसताना हे कसे झाले? वाचणाऱ्याच्या मनातला काळोख कुठल्याही रंगवलेल्या काळोखापेक्षा गडद असतो, हे एक कारण. रहस्यकथा उशाशी घेऊन रात्र जागवलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती गुहा मनाने रचलेली नव्हती. तिथला अरुंद बोगदा कुठे संपतो, कुठे वाकावे लागते, कुठे खाली उतरायची वाट आहे, हे लिहिणाऱ्याच्या गुडघ्यांना ठाऊक होते. पुढे काही अभ्यासकांनी त्या खऱ्या गुहेत उतरून खेळातले वर्णन ताडून पाहिले, तेव्हा क्राउदरांच्या मूळ खेळातल्या कितीतरी जागा जशाच्या तशा सापडल्या. सॅमसनचे तारे आणि क्राउदरची गुहा यांचे नाते इथे आहे. खेळणाऱ्याला तपासता येत नाही, पण ज्याने रचले त्याला हे जग माहीत आहे, एवढे त्याला जाणवते. आणि तो निश्चिंतपणे आत जातो.

पुढच्या पंधरा वर्षांत चित्रे आली, रंग आले. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटचे गेम घरात शिरले आणि गल्लीच्या कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचे पार्लर निघाले. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची, हा विधी ज्यांनी केला आहे ते आज चाळिशीत आहेत.

मग आले १९९३ साल. या एका वर्षात दोन खेळ निघाले आणि दोघांनी तल्लीनतेच्या दोन वेगळ्या वाटा दाखवल्या.

पहिला सप्टेंबरमध्ये आलेला 'मिस्ट'. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी तो रचला. तुम्हाला एक पुस्तक सापडते, त्याच्या पानावरच्या चित्राला हात लावताच तुम्ही एका निर्जन बेटावर येता. बस्स. तुम्ही कोण, कशासाठी आलात, कुणी सांगत नाही. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही, मरण जवळजवळ नाहीच. चित्रेसुद्धा स्थिर. सुमारे अडीच हजार चित्रे एकापाठोपाठ एक बदलत जातात, एखाद्या स्लाइड शोसारखी. वारा वाहतो, पाणी किनाऱ्यावर चुबुकते, कुठे यंत्राची घरघर. बंद दारे, कळ नसलेली यंत्रे, अर्धवट जळलेली पुस्तके. खेळाच्या डब्यात एक कोरी वही दिलेली असे, टिपणे काढायला. लोक कागद-पेन्सिल घेऊन तासन् तास त्या बेटावर हिंडले. साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ म्हणून त्याचे नाव राहिले. यात शिकण्यासारखे हे, की शांतताही माणसाला बांधून ठेवते.

दुसरा डिसेंबरमध्ये आलेला 'डूम'. तो नेमका उलटा. बंदूक घ्या आणि पळा. इथे जग तुमच्या डोळ्यांतून दिसते. खाली फक्त तुमचे हात आणि बंदूक. दूरचे काळोखे, जवळचे उजळ, मध्येच लुकलुकणारा दिवा. दाराआडून गुरगुर ऐकू येते आणि तुम्ही दार उघडायला कचरता. गंमत म्हणजे हे जग आतून पोकळ होते. एका खोलीवर दुसरी खोली बांधण्याची सोयच त्या रचनेत नव्हती, आणि राक्षस तर सपाट चित्रेच होती. पण पळताना थांबून मोजायला वेळ कुणाला? हालचाल इतकी सलग, की मनाने उरलेले भरून काढले. जाळ्यावरून एकमेकांशी खेळता येत असल्याने काही कचेऱ्यांना आणि विद्यापीठांना तो कामाच्या जागी बंद करावा लागला.

यानंतर १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' आला, आणि त्याने एक साधी पण मोठी गोष्ट केली. तोवर गोष्ट सांगायची वेळ आली, की खेळ थांबायचा आणि छोटासा चित्रपट सुरू व्हायचा. खेळणारा हात काढून घ्यायचा आणि प्रेक्षक व्हायचा. 'हाफ-लाइफ'ने ठरवले, की खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून बाहेर जायचेच नाही. आरंभी काही मिनिटे तुम्ही एका झुलत्या ट्राममधून प्रयोगशाळेत कामाला जाता. काहीच घडत नाही. खिडकीतून पाहा, फेऱ्या मारा, तुमची मर्जी. ती काही मिनिटे म्हणजे मला बार्करचा अंधारा बोळ आणि जिनाच वाटतो. बाहेरचे जग विसरायला माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो, हे शहाणपण दोनशे वर्षांनी पुन्हा वापरले गेले.

विद्वानांचे लक्षही एव्हाना इकडे वळले होते. १९९७ मध्ये जॅनेट मरे यांनी संगणकावरील कथनाविषयी पुस्तक लिहिले. खेळणारा आपला अविश्वास नुसता बाजूला ठेवत नाही, तो स्वतः विश्वास घडवतो, असे त्यांचे म्हणणे. २००४ मध्ये लंडनमधल्या एमिली ब्राउन आणि पॉल केर्न्स या संशोधकांनी मोजक्या खेळाडूंशी बोलून तीन पायऱ्या सांगितल्या. आधी वेळ आणि मेहनत देण्याची तयारी, मग भावना ओवल्या जाणे, आणि शेवटी सगळे जग विसरणे. ही तिसरी अवस्था क्वचित येते आणि फार टिकत नाही, असेही त्यांना आढळले. म्हणजे खेळ कितीही चांगला असो, तो कुणालाही ओढून आत नेऊ शकत नाही. पहिले पाऊल माणसाला स्वतः टाकावे लागते.

चित्राच्या खरेपणाविषयी अजून शंका असेल, तर दोन उदाहरणे पुरे आहेत. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' रचला. वरून ठोकळे पडतात, ते नीट बसवायचे. पहिल्या संगणकावर तर चित्रेही उमटत नव्हती, कंसांची चिन्हे जुळवून ठोकळे दाखवले जात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात टेट्रिस खेळलेल्या लोकांना झोप लागताना डोळ्यांपुढे ठोकळे पडताना दिसले. स्मृतिभ्रंश झालेल्या काही रुग्णांनाही ते दिसले, आणि त्यांना तर आपण खेळलो हेही आठवत नव्हते! दुसरे उदाहरण स्वीडनमध्ये तयार झालेल्या 'माइनक्राफ्ट'चे. २०११ मध्ये तो पूर्ण रूपात आला. सूर्य चौकोनी, गाय चौकोनी, ढगही चौकोनी. पण खणाल तिथे खड्डा पडतो आणि रचाल ते उभे राहते. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींवर प्रती खपल्या होत्या.

आपल्या मातीतलेही एक उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगभर प्रकाशित केला. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांनी पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी ही त्याची नायिका. मागची दृश्ये पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी, आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. ज्या कोड्यांतून, मूर्तींतून, महालांतून ती मुलगी जाते, त्यांच्याशी आपली ओळख आधीचीच आहे. तल्लीन व्हायला परके जग लागते असे नाही. ओळखीच्या जगातही माणूस हरवतो.

डोळ्यांवर बांधायच्या यंत्रांची वाटही बंद पडलेली नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पडदा दाखवला. तो इतका जड होता, की छताला टांगावा लागे. २०१२ मध्ये 'ऑक्युलस'ने ही कल्पना पुन्हा जागवली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरना विकत घेतली. त्या यंत्रात आता हातालाही काम आहे. पण डोळे म्हणतात चाललो आहे, आणि कानातला तोल सांगतो बसलो आहे, या भांडणात पुष्कळांना अजूनही मळमळते. बार्करच्या राणीचे दुखणे पूर्णपणे गेलेले नाही.

आता पुन्हा त्या खोलीच्या दारात येऊ. आई अजून तिथेच उभी आहे.

आत जाण्याच्या वाटेवर या माणसांनी साठ वर्षे खर्च केली. बाहेर येण्याच्या वाटेचे काय? पूर्वी ती आपोआप असायची. पार्लरमध्ये नाणे संपले की खेळ संपला. 'अॅडव्हेंचर'मधली गुहा शेवटी संपायची, 'मिस्ट'चे बेट कधीतरी उलगडायचे. घरच्या खेळात डाव जपून ठेवायची सोय आली आणि उद्या तिथूनच पुढे जाता येऊ लागले. पुस्तकात खूण घालून ते मिटावे, तसे. पण जाळ्यावरून अनेकांनी मिळून खेळायचे खेळ आले आणि ही खूण गेली. तिथे आपण उठलो तरी जग चालूच राहते. शिवाय काही खेळ संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकवली तर नुकसान. इथे तल्लीनता राहत नाही, ती हजेरीपटावरची सही होते. रंगणे आणि गुंतणे यांतला फरक तो हाच. रंगलेला माणूस उठतो तेव्हा ताजा असतो. गुंतलेल्याला उठायचे असते आणि उठवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराचा समावेश मान्य केला आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण तिथली व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, आणि हे सारे साधारणपणे वर्षभर टिकणे. तीन हाकांना ओ न देणे हा त्यात आजार नाही.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळावरच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. लबाडी करणाऱ्याला खेळगडी एक वेळ माफ करतात, कारण तो खेळाचे जग मानतो तरी. पण मध्येच उठून खेळच उधळणाऱ्याला ते माफ करत नाहीत. आपल्याकडे गल्लीतली पोरेही हा भेद जाणतात. रडीचा डाव खेळणाऱ्याला चिडवतात आणि उद्या पुन्हा घेतात. डाव मोडणाऱ्याला मात्र घेत नाहीत. आतल्या खोलीतला तो मुलगा कदाचित अर्ध्या तासाच्या सामन्यात तिघा मित्रांबरोबर उतरलेला आहे. तो थांबवता येत नाही. आईची हाक ऐकून तो उठला, तर त्या तिघांच्या लेखी डाव मोडणारा ठरणार. त्याचे 'दोनच मिनिटं' हे नेहमी खोटे नसते, आणि 'बहिरा झालास का' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तरही नसते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. हाक मारण्याआधी, ताट वाढण्याच्या वीस मिनिटे अगोदर, खोलीत जाऊन त्याच्याशेजारी बसावे आणि विचारावे, "कुठवर आलास? हा डाव कधी संपतो?" तो सांगेल. कदाचित जरा जास्तच सांगेल. त्या उत्तरावरून दोन गोष्टी कळतील. या खेळाला बाहेरचे दार आहे की नाही, आणि मुलाला ते सापडते की नाही. दार असेल आणि सापडत असेल, तर डाव संपल्यावर तो स्वतःच पानावर येऊन बसेल. नसेल, तर जेवण गार होण्यापेक्षा मोठी काळजी आहे, आणि ती आरडाओरड न करता, त्याच्याशेजारी बसूनच सोडवावी लागेल.

क्राउदरांनी आपल्या मुलींसाठी गुहा लिहिली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी त्यांच्या हातात कंदील दिला. गुहेत जाऊ नका, असे काही सांगितले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)